चिंचोके कोणी मोजले?

हायकोर्टाचा निकाल लागला त्या संध्याकाळी दिगंबरपंत पेंढरकरांच्या दिवाणखान्यात सुतक पडल्यासारखी शांतता होती. निकाल विरुद्ध गेला असता तर ते समजण्यासारखं होतं. पण तो लागला होता गुरुदत्त नाडकर्णीच्या बाजूने, आणि गुरुदत्त तर कलकत्त्याच्या मराठी मंडळाचाच माणूस, दर गणपतीत आरास करणारा, कोणाच्याही घरचं आजारपण असो, आधी धावत जाणारा. त्याची सहा महिन्यांची शिक्षा हायकोर्टाने रद्द केली होती. आणि इथे मंडळाची सात-आठ भली माणसं माना खाली घालून सुपारी कातरत बसली होती.

वृंदाबाई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आल्या. "सुटले ना गुरुदत्तभाऊजी?" त्यांनी विचारलं.

"सुटतोय कसला," दिगंबरपंत म्हणाले. "आता आपण अडकलो."

हायकोर्टाचं म्हणणं अगदी साधं होतं. आरोपीने साक्षीदार मागितले, तर ते खोटंच बोलणार असं आधीच धरून मॅजिस्ट्रेटला दार लावून घेता येणार नाही. आधी ऐकून घ्यावं. ऐकल्यावर पटलं नाही तर बाजूला ठेवावं, पण न ऐकताच बाजूला ठेवायचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून खटला पुन्हा खाली पाठवला होता, दुसऱ्या मॅजिस्ट्रेटपुढे, बचावाच्या साक्षींपासून चालवायला. गुरुदत्तने दिलेल्या प्रत्येक नावावर समन्स निघणार होतं, आणि पहिलं नाव होतं दिगंबर पेंढरकर.

हे सगळं सुरू झालं बावन्न सालच्या गणपतीत. मनोहर सबनीस हे केंद्र सरकारच्या एका खात्यातले मोठे साहेब. दिगंबरपंत त्यांच्या हाताखाली सुपरिंटेंडेंट, गुरुदत्त त्याच कचेरीत कारकून. खात्याच्या गोदामातलं सागवान साहेबांच्या घरी पलंग आणि कपाटं होऊन उभं राहतं, हे कचेरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यातलंच थोडं लाकूड मंडळाच्या वाट्यालाही आलं होतं. गणपतीचा नवा कोरीव चौरंग सबनीससाहेबांनी भक्तिभावाने अर्पण केला, आणि मंडळाने टाळ्या वाजवून तो घेतला. गुरुदत्तने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने सगळा प्रकार दिल्लीला लिहून कळवला. तक्रार दिल्लीत कुठेतरी जिरली, पण तक्रार करणाऱ्याचं नाव मात्र बिनबोभाट कलकत्त्याला परत आलं.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत एका संध्याकाळी, साडेसात-आठच्या सुमाराला, सबनीसांना एस्प्लनेडच्या मागच्या एका गल्लीत कोणीतरी बेदम चोपलं. पुढचा दात पडला. त्या गल्लीत साहेब कशाला गेले होते, हे विचारायची सोय त्यांच्या बायकोलाही नव्हती. मारणारे कोण हे त्यांनी अंधारात धड पाहिलंही नसेल. पण पोलिसांना त्यांनी नाव सांगितलं ते गुरुदत्तचं.

आणि गुरुदत्त त्या संध्याकाळी कुठे होता? लॅन्सडाउन रोडवर, मंडळाच्या भाड्याच्या हॉलमध्ये, सहस्रावर्तनाला बसला होता. वीसेक पुरुष सोवळी नेसून गणपतीपुढे अर्धगोल करून बसले होते आणि अथर्वशीर्ष म्हणत होते. मंडळाला स्वतःची जागा मिळावी असा संकल्प सोडला होता. अशा वेळी मोजणीला एक माणूस लागतो. तो म्हणत नाही, नुसता मोजतो. पुढ्यात दोन वाट्या, एका वाटीतला चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. त्याचं लक्ष ढळलं की सगळ्यांची मेहनत पाण्यात, म्हणून त्या जागी भरवशाचा माणूस बसवतात. गेली पाच-सहा वर्षं त्या जागी गुरुदत्तच बसत होता. संध्याकाळी सहाला बसलेला गुरुदत्त नऊ वाजून गेल्यावर उठला, तोही पायाला मुंग्या आल्या म्हणून भिंत धरून.

म्हणजे साक्षीदार वीस. पण पहिल्या मॅजिस्ट्रेटने यादी पाहिली आणि म्हणाला, ही सगळी एका मंडळातली, एका भाषेची, आरोपीची मित्रमंडळी. सगळी एकच पाठ म्हणतील. कोर्टाचा वेळ फुकट घालवायला ही यादी दिली आहे. त्याने एकालाही बोलावलं नाही आणि गुरुदत्तला सहा महिने ठोठावले.

तेव्हा मंडळाची माणसं काय तापली होती म्हणून सांगावं! "आम्ही एका पायावर तयार होतो साक्ष द्यायला, पण बोलावलं तर ना!" असं ते ट्राममध्ये सांगत, बाजारात सांगत, गुरुदत्तच्या बायकोला, कालिंदीला, घरी जाऊन सांगत. दिगंबरपंतांनी तर सभा घेतली, मूठ आपटून भाषण केलं आणि अन्यायाचा निषेध केला. वृंदाबाईंना तेव्हा नवऱ्याचा अभिमान वाटला होता. त्या रात्री त्यांनी मुद्दाम बासुंदी केली होती. आता पोह्यांच्या बश्या हातात धरून उभ्या असताना त्यांना ती बासुंदी आठवली. त्या मॅजिस्ट्रेटचं बंद दार हाच या लोकांचा आडोसा होता. हायकोर्टाने दार उघडलं आणि सगळे उघडे पडले.

"समन्स आलं तर जावं लागेल," कोणीतरी म्हणालं.

"जाऊ की. पण सांगायचं काय? सबनीससाहेब खोटं बोलले म्हणून सांगायचं? माझं प्रमोशन त्यांच्या टेबलावर आहे."

"माझी बदली."

"माझ्या मेव्हण्याला त्यांनीच लावलंय."

मग दिगंबरपंतांनी घसा साफ केला. वृंदाबाई स्वयंपाकघराच्या दाराशीच होत्या. त्यांना तो आवाज ओळखीचा होता. विमा एजंटला परत पाठवताना, बहिणीला पैसे नाकारताना ते असाच घसा साफ करत.

"खोटं कोणी बोलायचं नाही," दिगंबरपंत म्हणाले. "शपथ ही शपथ आहे. पण मला सांगा, आवर्तनाला बसलेला माणूस डोळे मिटून बसतो की नाही? देवाच्या नामात माणूस गढलेला असतो. शेजारी कोण बसलंय, कोण उठलं, कोण गेलं, त्याला भान असतं का? मी तर डोळे मिटून होतो. तुम्ही?"

एका क्षणात दिवाणखान्यातलं सुतक फिटलं. अरे, खरंच की! डोळे मिटले होते. कोणी तर म्हणाले, सोवळ्यात चष्माही काढून ठेवला होता. कोणाला आठवलं की आपण खांबाच्या मागे बसलो होतो. हसू फुटलं, पोहे संपले, "वहिनी, अजून थोडे आहेत का?" म्हणून हाक आली. आत कढईत भरपूर पोहे होते. वृंदाबाईंनी कढईवर झाकण ठेवलं आणि आतूनच सांगितलं, "संपले."

दोन दिवसांनी सबनीससाहेब स्वतः आले. मोठ्या दुकानातून आणलेला संदेश मिठाईचा डबा हातात, तोंडात नवा दात. तो दात बाकीच्यांपेक्षा पांढरा होता आणि हसताना तेवढाच दिसायचा. खटल्याबद्दल ते एक अवाक्षर बोलले नाहीत. हवेबद्दल बोलले, हिलसा मासळीच्या भावाबद्दल बोलले, आपण शाकाहारी असून हे ठाऊक असतं याबद्दल स्वतःच हसले. निघताना जिन्यावर म्हणाले, "पंत, गौहातीला एक माणूस पाठवायचाय. नाव अजून ठरलं नाही. तिकडची हवा वाईट, तुमच्या वयाला झेपायची नाही."

"साहेबांची कृपा," दिगंबरपंत म्हणाले. आणि ते वाकले. वृंदाबाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं, त्रेपन्न वर्षांचा आपला नवरा त्या नव्या दातापुढे कंबरेत वाकला. त्यांना नवऱ्याची लाज वाटली नाही. लाज आपल्या माणसाची वाटते. त्यांना शिसारी आली, सडकं काहीतरी पायाखाली आल्यावर येते तशी. संदेशचा डबा त्यांनी उघडलाही नाही, खालच्या दरवानाला देऊन टाकला.

रात्री जेवताना त्यांनी सरळ विचारलं, "चिंचोके कोणी सरकवले?"

"काय?"

"तुम्ही सगळे डोळे मिटून होतात. भाऊजी तिथे होते की नव्हते तुम्हाला ठाऊक नाही. मग चिंचोके कोणी सरकवले त्या दिवशी? आपोआप सरकले?"

दिगंबरपंतांनी भाताचा घास खाली ठेवला. "हे बघ, मला खोटं बोलायचं नाही आणि साहेबांना दुखवायचं नाही. दोन वर्षं राहिलीत माझी. गुरुदत्त तरुण आहे, तो यातून उठेल. आणि तू या भानगडीत नाक खुपसू नकोस. कोर्टातल्या गोष्टी बायकांनी घरात आणायच्या नसतात."

"घरात तुम्ही आणलीत," वृंदाबाई म्हणाल्या. "परवा, पोह्यांबरोबर."

कालिंदी आली ती साक्षींच्या आदल्या दिवशी. वाळून काडी झाली होती. हातात नारळ होता. मंडळातले सगळे उद्या साक्षीला येणार, म्हणून ती घरोघर नारळ देत, आभार मानत फिरत होती. वृंदाबाईंच्या हातात नारळ ठेवून ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या उपकारातून आम्ही कधी उतराई होणार नाही." आणि पाया पडायला वाकली.

वृंदाबाईंनी तिला खांद्याला धरून वर उचललं. ज्यांनी हिच्या नवऱ्याला विकलं त्यांच्या घरी ही नारळ वाटत होती. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "कालिंदी, यादीत माझं नाव का नाही? मी होते ना त्या दिवशी. दूध मी दिलं सगळ्यांना. भाऊजींना तर मी दोनदा दिलं."

"मी म्हटलं होतं त्यांना," कालिंदी म्हणाली. "वृंदावहिनींनी पाहिलंय, शकुनताईंनी पाहिलंय, सगळ्या बायका आत-बाहेर करत होत्या. पण ते म्हणाले, घरंदाज बायकांची नावं फौजदारी कोर्टात ओढायची नाहीत. नको नको ते विचारतात तिथे. म्हणाले, पुरुष आहेत ना वीस, तेवढे पुरे."

म्हणजे ज्यांचे डोळे मिटलेले होते ते सगळे यादीत, आणि ज्यांचे उघडे होते त्या एकीचंही नाव नाही. सभ्यपणामुळे. वृंदाबाईंना गुरुदत्तचाही राग आला. या माणसाला जेलमध्ये जाणं चाललं असतं, पण बाईला कोर्टात बोलावणं चाललं नसतं! या सभ्यपणाचं काय लोणचं घालायचं होतं?

"उद्या मी तुझ्याबरोबर येते," त्या म्हणाल्या. "तुझ्या शेजारी बसायला कोणी हवं."

कोर्टाच्या खोलीत छताचा पंखा कुरकुरत होता आणि भिंतींना ओल धरली होती. गुरुदत्तचे वकील निशिकांत बागची हे बुटके, घामाघूम झालेले गृहस्थ. हायकोर्ट त्यांनीच जिंकलं होतं आणि त्या दिवशी ते खुशीत होते. वीस साक्षीदार, तेही कोण? सरकारी नोकर, बँकेतले साहेब, एक प्रोफेसर. यांच्या शब्दावर कोण अविश्वास दाखवणार? बागचीबाबू कालिंदीकडे बघून हसलेही.

पिंजऱ्यात गुरुदत्त उभा होता. पांढरा स्वच्छ शर्ट, कडक इस्त्री. मंडळाची माणसं एकामागून एक आत आली, तेव्हा त्याने प्रत्येकाला हात जोडले. त्यांनीही जोडले.

पहिली साक्ष दिगंबरपंतांची. कोट, उपरणं, टोपी. शपथ त्यांनी इंग्रजीत खणखणीत घेतली.

"त्या संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये धार्मिक पाठ होता?" बागचीबाबूंनी विचारलं.

"होता."

"आपण पाठ सांगत होता. सगळ्यांकडे तोंड करून बसला होता."

"होय."

"आरोपी तिथे होता?"

दिगंबरपंतांनी घसा साफ केला. "मी सांगू शकत नाही. पाठाच्या वेळी आम्ही डोळे मिटून असतो. संध्याकाळी सहाला तो आला होता असं वाटतं. नंतरचं मी शपथेवर सांगू शकत नाही."

बागचीबाबूंचं हसू तिथेच थिजलं. त्यांनी प्रश्न उलटसुलट करून विचारला, तरी उत्तर तेच. वृंदाबाई गुरुदत्तकडे पाहत होत्या. त्याला आधी नीट कळलंच नाही. तो पुढे झुकून ऐकत राहिला, जणू पंत पुढे काहीतरी बोलणार आहेत. ते बोलले नाहीत, तसे त्याचे जोडलेले हात हळूच सुटले आणि खाली आले.

दुसरा आला. डोळे मिटले होते. तिसरा आला. डोळे मिटले होते, शिवाय चष्मा काढला होता. प्रोफेसर म्हणाले, एकाग्रतेच्या अवस्थेत बाह्य जगाची जाणीव लोप पावते, आणि ते समजावून सांगायला त्यांनी पाच मिनिटं घेतली. सरकारी वकिलाला एकालाही उलट प्रश्न विचारावा लागला नाही. तो खुर्चीत मागे रेलून नखं पाहत बसला होता. मॅजिस्ट्रेट तरुण होता, बंगाली, चष्मा लावलेला. सातव्या साक्षीला त्याने लेखणी खाली ठेवली.

"मिस्टर बागची," तो म्हणाला, "हायकोर्टाने म्हटलंय म्हणून मी सगळ्यांना ऐकणार आहे. पण तुमच्या अशिलाला वीस आंधळे कुठे सापडले?"

कोर्टात हसू उसळलं. मंडळाची माणसंही हसली. गुरुदत्तचा जीव जात होता आणि ही माणसं हसत होती, सुटल्यासारखी, हलकी होऊन, दिवाणखान्यात पोहे खाताना हसली होती तशीच. कालिंदी शेजारी दगडासारखी बसली होती. तिच्या बोटांनी वृंदाबाईंचा पदर घट्ट धरला होता, पण ते तिला कळत नव्हतं.

"मी पाहिलंय," वृंदाबाई म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. पण बाकावरून उठल्या होत्या, आणि कोर्टात नऊवारी लुगड्यातली बाई उठून उभी राहिली की सगळी खोली तिकडे बघते. मग त्या बंगालीत बोलल्या. बावीस वर्षं भाजीवाल्यांशी, कोळिणींशी, मोलकरणींशी बोलून जे बंगाली जिभेवर बसलं होतं, त्याच बंगालीत. "उनी ओखानेइ बोशे छिलेन." ते तिथेच बसले होते. "माझे डोळे उघडे होते."

"वृंदे, खाली बस!" दिगंबरपंत साक्षीदारांच्या बाकावरून ओरडले.

सरकारी वकील उठला. यादीत नाव नाही, समन्स नाही, ही कोण बाई? बागचीबाबू त्याच्याआधी बोलायला लागले. कोर्टात हजर असलेल्या कोणालाही, समन्स नसलं तरी, मॅजिस्ट्रेट कधीही तपासू शकतो, असं कायद्यात आहे, आणि हायकोर्टाचा निकाल तर पुढ्यातच पडलाय. मॅजिस्ट्रेटने चष्मा पुसला, वृंदाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, "या."

"नाव?"

"वृंदा."

"नवऱ्याचं नाव?"

इथे मात्र त्या थबकल्या. आजवर नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं होतं ते फक्त हळदीकुंकवात, उखाण्यात गुंफून, लाजत. दिगंबरपंत बाकावर बसून खालच्या नजरेने पाहत होते. मघाशी खोटं बोलताना ज्या कपाळावर आठी नव्हती, तिथे आता आठ्यांचं जाळं झालं होतं.

"दिगंबर पेंढरकर," वृंदाबाई म्हणाल्या. "मघाशी पहिले उभे होते ते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चिंचोके घरून आपणच धुऊन, वाळवून नेले होते. गुरुदत्त देवाच्या डाव्या हाताला बसला होता, दोन वाट्या घेऊन. मोजणाऱ्याला डोळे मिटता येत नाहीत. साडेसातच्या पुढे सगळ्यांना मसाल्याचं दूध दिलं. गुरुदत्तचा पेला आपल्याच हाताने लवंडला, म्हणून त्याला दुसऱ्यांदा दिलं. चिंचोके दुधात भिजले, ते त्याने आपल्या उपरण्याने पुसले. तेव्हा समोरच्या घड्याळात पावणेआठ झाले होते, कारण आता आरतीच्या तयारीला लागायला हवं असं मनात आलं होतं.

सरकारी वकील हसत पुढे आला. "बाई, एवढे सुशिक्षित गृहस्थ सांगतात की त्यांचे डोळे मिटले होते. तुमचे यजमानसुद्धा. ते शपथेवर खोटं बोलले, असं म्हणायचंय तुम्हाला?"

वृंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांचा संसार. या माणसाचं दुखलंखुपलं त्यांनी काढलं होतं, याच्या आईचं मलमूत्र काढलं होतं, आणि त्यात कधी किळस वाटली नव्हती.

"मी यांना दूध दिलं तेव्हा यांनी पेल्यात बघून वेलदोडा कमी आहे म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. "मग गुरुदत्तभाऊजींकडे बघून भुवया उडवल्या, किती राहिली म्हणून. भाऊजींनी वाटी उचलून दाखवली. मिटल्या डोळ्यांनी माणूस एवढं सगळं करत असेल तर हे खरं बोलले असतील."

या वेळी मंडळाचं कोणी हसलं नाही. मॅजिस्ट्रेटने लेखणी उचलली.

उरलेल्यांच्या साक्षीही तशाच झाल्या, तरी गुरुदत्त सुटला. मॅजिस्ट्रेटने निकालात लिहिलं की वीस जणांच्या न दिसण्यापेक्षा एकीचं दिसणं त्याला जास्त विश्वासार्ह वाटतं. बागचीबाबूंनी वृंदाबाईंना वाकून नमस्कार केला. गुरुदत्त मात्र समोर येऊन नजर खाली घालून उभा राहिला. बाईला कोर्टात यावं लागलं, याचंच त्याला अजून वाईट वाटत असावं. धन्य आहे, वृंदाबाईंना वाटलं.

घरी दिगंबरपंतांनी बोलणं टाकलं. ताट वाढलं की जेवायचे, पण दुसरीकडे तोंड करून. गौहातीची ऑर्डर काही आली नाही. दिल्लीने जुनी तक्रार पुन्हा वर काढली होती आणि सबनीससाहेबांना आता स्वतःचीच पडली होती. तरीही पंत बोलले नाहीत. खोटं पकडलं गेलं याचं त्यांना काहीच नव्हतं. बायकोने भर कोर्टात नाव घेतलं, ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

आणि मग एका रविवारी मंडळाची माणसं पुन्हा दिवाणखान्यात आली. बरोबर आपटेगुरुजी. वृंदाबाईंना वाटलं, आता तरी यांना काही वाटलं असेल. गुरुदत्तकडे कोणत्या तोंडाने जायचं, ते विचारायला आले असतील. त्यांनी चहा टाकला.

"वहिनी, एक विचारायचं होतं," प्रोफेसर म्हणाले. "चिंचोके भिजले होते म्हणालात ना तुम्ही. ते पुसताना मोजणीत घोटाळा तर झाला नाही ना? नाही, म्हणजे मंडळाच्या जागेचं अजून काही जमत नाहीये. गुरुजींचं म्हणणं, संख्या पुरी झाली नसेल तर संकल्पाचं फळ मिळत नाही."

वृंदाबाईंच्या हातातली किटली तशीच राहिली. वीस माणसं एका निरपराध माणसाला जेलमध्ये लोटायला निघाली होती, आणि त्यांना काळजी होती ती आपल्या पुण्याचा आकडा चुकला की काय याची. किटली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला कशाला विचारता? तुम्ही शपथेवर सांगितलंत, भाऊजी तिथे होते की नाही ठाऊक नाही. मग मोजणी झालीच नाही की."

"पण तुम्ही सांगितलंत ना ते होते म्हणून!"

"माझं खरं मानता? मग चला, आत्ता उठा, गुरुदत्तभाऊजींच्या घरी जाऊन एवढंच म्हणा, तुम्ही तिथे होतात आणि आम्ही पाहिलं होतं. तुमची हजार आवर्तनं पुरी झाली असं मी गुरुजींना सांगते."

अडकित्त्यात सुपारी तशीच राहिली. शेवटी दिगंबरपंत कोर्टानंतर पहिल्यांदा बायकोच्या देखत बोलले, पण बोलले गुरुजींशी. "पुन्हा करू. शंकेला जागा नको. पुढच्या चतुर्थीला पुन्हा बसू सगळे."

सगळ्यांनी मान डोलावली. तीन तास पुन्हा बसायला ही माणसं तयार होती. एक वाक्य बोलायला नव्हती.

चतुर्थीला मंडळात सोवळी नेसून सगळे बसले. सागवानी चौरंगावर गणपतीची तसबीर होती. वृंदाबाई आल्या होत्या, बरोबर कालिंदी नव्हती, गुरुदत्त नव्हता. संकल्प झाला, आणि मग गुरुजींनी विचारलं, "मोजणीला कोण?"

देवाच्या डाव्या हाताची जागा रिकामी होती. तिथे दोन वाट्या मांडलेल्या. त्या जागी जो बसेल त्याला डोळे उघडे ठेवावे लागणार होते. कोणी उठेना. एकाने पाठ दुखते म्हणून सांगितलं, एकाने चष्मा आणला नाही म्हणून.

वृंदाबाई पुढे आल्या. त्यांनी चिंचोक्यांची वाटी उचलली आणि दिगंबरपंतांच्या मांडीपुढे ठेवली.

"आज तुम्ही मोजा," त्या म्हणाल्या. "मी बघत बसणार आहे."

आणि समोरच्या भिंतीला टेकून, त्यांच्या डोळ्यांसमोर त्या खाली बसल्या. दूध त्यांनी आणलं नव्हतं.